नांदूर मध्यमेश्वर: आधी पाणी बघा, मग पक्षी

नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. ब्रिटिश अमदानीत तिथे सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांचा गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणवनस्पती माजल्या. बदकांना आणि करकोच्यांना हवं ते सगळं आयतंच मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हे नाव जाहीर झालं. राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात ते हेच.

तरीही इथून हिरमुसून परत जाणारे पुष्कळ असतात. कारण बहुतेक वेळा एकच: लोक तारीख बघून येतात, पाणी बघून येत नाहीत. त्यामुळे या मार्गदर्शकाची सुरुवात पाण्यापासून.

पाण्याची पातळी पक्षी ठरवते

हा मोठा साठवण जलाशय नाही, पाणी फिरवून देणारा बंधारा आहे. गंगापूर, दारणा आणि पालखेड या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटलं की इथली पातळी चढते, कालवे पाणी ओढू लागले की उतरते. ही चढ-उतार अगदी हिवाळ्यातसुद्धा चालू असते. म्हणूनच आठ दिवसांच्या अंतराने एकाच मनोऱ्यावर उभं राहिलात तरी दोन वेगळी दृश्यं दिसू शकतात.

प्रत्येक पक्ष्याला ठरावीक खोली लागते. तुतारी, चिखल्या असे छोटे पक्षी बोटभर पाण्यात किंवा ओल्या चिखलात चरतात. शेकाट्याचे पाय लांब, म्हणून तो वीतभर पाण्यापर्यंत जातो. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही मंडळी पाण्याच्या वरच्या थरातच चोच फिरवतात किंवा डोकं खाली आणि शेपूट वर करून चरतात, त्यांना साधारण फूटभर पाणी सोयीचं. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं मात्र मधल्या खोल पाण्यातच बसतात. रंगीत करकोचा आणि चमच्या गुडघाभर पाण्यात उभे राहून चोचीनेच मासे आणि किडे शोधतात, डोळ्यांवर फारसे विसंबत नाहीत, म्हणून त्यांना गढूळ पाणीही चालतं.

याचा उपयोग असा करायचा. पोहोचल्यावर दुर्बीण गळ्यातच राहू द्या आणि दोन मिनिटं नुसत्या डोळ्यांनी काठ बघा. चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला असेल आणि त्यावर ओलसर चकाकी असेल, तर पाणी नुकतंच उतरलंय. अशा दिवशी काठावरच थांबा, लांब बदकांच्या मागे लागू नका. चिखलातले किडे उघडे पडलेले असतात आणि छोटे पाणपक्षी तुमच्या पुढ्यातच उतरतात. चिखल वाळून भेगाळला असेल तर पाणी उतरून बरेच दिवस झाले, तिथे आता धोबी आणि टिटवीपलीकडे फारसं काही नाही. आणि गवत, झुडपं अर्धी पाण्यात बुडालेली दिसली तर पातळी नुकतीच चढली आहे. त्या दिवशी चिखलावरचे पक्षी शोधण्यात वेळ घालवू नका, सरळ मनोऱ्यावर जा आणि उघड्या पाण्यावरचे थवे बघा.

कालव्याला आवर्तन सुरू आहे का, हे निफाड, कोपरगाव भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. स्थानिक वर्तमानपत्रांतही बातमी येते. निघण्याआधी एक फोन किंवा एक बातमी, एवढ्यावर दिवस वाचतो.

जलपर्णीचाही हिशेब हवा. वरच्या अंगाला नाशिकसारखं शहर आहे, सांडपाण्यातली पोषकद्रव्यं नदीत येतात आणि जलपर्णी फोफावते. रामसरच्या नोंदीतही इथल्या धोक्यांत तिचं नाव आहे. वाऱ्याने तिचे तराफे एका काठाला जमा होतात. त्या काठावर बदकं मिळणार नाहीत, त्यांना उतरायला मोकळं पाणी लागतं. पण जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, वंचक आणि जांभळा बगळा नेमके तिथेच. म्हणजे जलपर्णीचा काठ दिसला म्हणून पाठ फिरवायची नाही, शोधायचं काय ते बदलायचं.

कधी जायचं

ऑक्टोबरमध्ये पहिली स्थलांतरित बदकं दिसू लागतात, भुवई बदक तर त्याही आधी येतं. पण नवख्यांनी ऑक्टोबर टाळलेला बरा. या काळात नर बदकांचा वीणीचा भडक पिसारा गळालेला असतो आणि ते माद्यांसारखेच मातकट दिसतात. पुस्तकातल्या चित्राशी काहीच जुळत नाही आणि माणूस वैतागतो. ओळखायचंच असेल तर रंग सोडा, आकार धरा: थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच, तलवार बदकाची लांब सडपातळ मान. हळदी-कुंकू बदक मात्र इथला कायमचा रहिवासी, त्याच्या चोचीचं पिवळं टोक आणि बुडाशी असलेले लाल ठिपके बाराही महिने दिसतात, नावच त्यावरून पडलंय.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही जानेवारी. याच महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना असते. पहिलीच भेट असेल तर जानेवारीतला मधल्या वाराचा दिवस निवडा. शनिवार-रविवारी मनोऱ्यांवर गर्दी असते आणि गर्दीत काठाजवळचे पक्षी आत सरकतात.

मार्चमध्ये परतीचं स्थलांतर सुरू होतं. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक, पण पाणी आकसतं आणि जे आहे ते थोड्या जागेत एकवटतं. करकोचे, शराटी, चमचे, बगळे अशा वेळी छान दिसतात. सकाळी साडेसहा ते साडेआठ, एवढीच वेळ हातात असते.

पावसाळा वेगळाच. वरून विसर्ग सुरू झाला की बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात आणि पाणी जायकवाडीकडे निघतं, 'नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्यूसेक' हे शब्द तेव्हा रोज कानावर पडतात. अशा दिवसांत नदीकाठी, बंधाऱ्याजवळ, सखल रस्त्यांवर अजिबात जाऊ नये. इथे ऊन असलं तरी त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाचं पाणी काही तासांनी इथे पोहोचतं. विसर्ग थांबल्यावर मात्र एखादी फेरी जरूर करावी. कमळपक्ष्यांची वीण याच काळात असते. मादी अंडी घालून निघून जाते आणि अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं नर करतो. सुगरणींची घरटीही याच सुमारास काठावरच्या बाभळींवर लोंबू लागतात.

पोहोचायचं कसं

स्वतःचं वाहन सर्वांत सोयीचं. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरीवरून निफाडकडे जायचं आणि तिथून गावरस्त्याने आत वळायचं. नकाशात फक्त 'नांदूर मध्यमेश्वर' टाकलंत तर फोन तुम्हाला गावात, मंदिरापाशी किंवा बंधाऱ्यावर नेईल. पक्षी बघायला जायचंय ते चापडगाव आणि खाणगाव थडी या बाजूंना, तिथे वनखात्याच्या सोयी आणि निरीक्षण मनोरे आहेत. म्हणून गावाचं नाव टाकूनच नकाशा लावा, आणि रात्रीच तो फोनमध्ये उतरवून ठेवा. अभयारण्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे आहे. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि स्थानिक मार्गदर्शक यांची चौकशी आदल्या दिवशी तिथेच करून घ्या, शुल्क आणि वेळा बदलत असतात.

पहाटेच्या प्रवासात दोन धोके आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला धुकं. निफाड हा महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड पट्ट्यांपैकी एक, डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, आणि नदीकाठच्या रस्त्यांवर दाट धुकं असतं. दुसरा धोका उसाचे ट्रॅक्टर. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून ते रात्रभर चालतात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. धुक्यात ट्रॉली दिसते तेव्हा ती पंधरा-वीस फुटांवर असते. वेग चाळीसच्या आत ठेवा, दिवे खालच्या झोतावर ठेवा, कारण वरचा झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. आणि अर्धा तास जास्त धरूनच निघा.

रेल्वेने यायचं तर निफाड स्थानक नाशिक रोड आणि मनमाडच्या मधे आहे, अभयारण्य तिथून बारा-एक किलोमीटर. नाशिकहून निफाडला एसटी आहेच. पण सार्वजनिक वाहनाने निघून सूर्योदयाला काठावर उभं राहणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा दोन पर्याय: आदल्या रात्री निफाडमध्ये मुक्काम करून पहाटेची रिक्षा ठरवून ठेवणं, किंवा दुपारी पोहोचून साडेतीन ते सहाची वेळ धरणं. संध्याकाळचा प्रकाश सुंदर असतो आणि रातथाऱ्याला परतणारे थवे दिसतात. परतीची रिक्षा मात्र आधीच ठरवा, अंधार पडल्यावर तिथे काही मिळत नाही.

गाडी लावताना शेताच्या वाटेचं तोंड अडवू नका. हा द्राक्षाचा आणि उसाचा पट्टा आहे, जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीची घाई असते. क्रेट भरलेलं वाहन तुमच्या गाडीमुळे तासभर अडलं तर नुकसान खरं असतं. बागेत शिरू नये, घड तोडू नये, आणि फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या दिशेला थांबू नये.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. पहिली संख्या म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरी म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हात थरथरत असतील किंवा मुलं बरोबर असतील तर ८ पट घ्या, दृश्य रुंद दिसतं आणि स्थिर राहतं. वीस-पंचवीस पट मोठं दाखवणाऱ्या स्वस्त दुर्बिणी हातात धरून काहीही दिसत नाही, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

दुर्बीण असूनही नीट न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती डोळ्यांना जुळवलेलीच नसते. एकदा हे करा. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. दोन नळ्या उघडझाप करून दोन्ही डोळ्यांना मिळून एकच वर्तुळ दिसेपर्यंत आणा. मग उजवं भिंग हाताने झाका आणि मधली चकती फिरवून डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावं झाका, मधल्या चकतीला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची छोटी कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. त्या कडीचा आकडा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधली चकती फिरवायची.

इथलं पाणी रुंद आहे, बदकं बऱ्याचदा दोन-तीनशे मीटरवर असतात. चार-सहा जणांच्या गटात एक स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि दणकट तिपाई असेल तर सगळ्यांचं काम होतं. साठ पटीवर नेण्याचा मोह टाळा, वीस ते तीस पटीला प्रतिमा जास्त स्वच्छ असते. दहा वाजून गेल्यावर तर ऊन तापून पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मोठ्या पटीवर सगळं विरघळल्यासारखं दिसतं. यात भिंगाचा दोष नसतो. अशा वेळी काठावरच्या जवळच्या पक्ष्यांकडे वळायचं.

कपडे मातकट, हिरवट किंवा राखाडी रंगाचे. पांढरा, पिवळाधमक, लाल नको. थंडीसाठी एकावर एक असे तीन थर घाला, कारण सात वाजता हात आखडतात आणि साडेदहाला स्वेटर नकोसा होतो. बोटं उघडी राहणारे हातमोजे असले तर चकती फिरवता येते. पायात जुने बूट हवेत, गवत दवाने भिजलेलं असतं. माणशी दोन लिटर पाणी. पोळी-भाजी किंवा भाकरी-ठेचा डब्यात, कागदी-प्लास्टिक पुड्या नकोत, वाऱ्याने उडाल्या तर थेट पाण्यात जातात. स्वच्छतागृहाची सोय निफाड किंवा चांदोरीच्या हॉटेलातच उरकून घ्या, काठावर गेल्यावर अडचण होते, विशेषतः बायकांची आणि वयस्कर मंडळींची.

काठावर गेल्यावर

जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातच्या सुमारास. प्रवेश मिळेल त्या क्षणी आत असायचं. पहिला निर्णय उभं कुठे राहायचं हा, आणि तो सूर्याकडे बघून घ्यायचा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी हवा. समोर असेल तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात आणि चकाकत्या पाण्याने डोळे दुखतात. म्हणून सकाळी ज्या मनोऱ्यावरून पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे बघता येतं तो आधी, बाकीचे दुपारनंतर.

मग थांबा. एका जागी किमान चाळीस मिनिटं. सर्वांत कठीण वाटणारी गोष्ट हीच, आणि सर्वांत जास्त फळ देणारीही हीच. तुम्ही आलात तेव्हा काठाजवळचे पक्षी आत सरकलेले असतात. दहा-पंधरा मिनिटं हालचाल झाली नाही की ते परत येऊ लागतात. पाच मनोरे तासाभरात उरकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी फक्त दूर जाणाऱ्या पाठी दिसतात.

बघण्याची पद्धत ठरवून घ्या. आधी उघड्या डोळ्यांनी हालचाल टिपा. मग दुर्बिणीने जवळच्या काठापासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग त्याच्या थोडा पुढचा पट्टा, असं करत लांबपर्यंत. पट्टे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस सेकंद थांबा, कारण टिबुकलीसारखे पक्षी तेवढा वेळ पाण्याखाली असतात. आणि वारकरी (कूट) पक्ष्यांचा थवा दिसला की 'सगळे वारकरीच' म्हणून सोडून देऊ नका. काळ्या अंगावर पांढरं कपाळ असलेल्या त्या शेकडो पक्ष्यांच्या कडेला वेगळी बदकं हमखास मिसळलेली असतात.

जांभळ्या पाणकोंबडीवर मात्र वेळ खर्च करा, ती जवळ येते आणि तिला घाई नसते. लांब लाल बोटांनी ती पाणवनस्पतीचा देठ मुठीत धरल्यासारखा धरते, एका पायावर उभी राहून तोंडाशी नेते, आणि जाड लाल चोचीने बाहेरची साल सोलून आतला मऊ गाभा तेवढा खाते. सोललेल्या सालींचा पसारा तिच्या पायाशी जमतो. काठावर असा ताज्या सालींचा ढीग दिसला तर जवळच ती आहे, थोडं थांबा.

कधीकधी संपूर्ण जलाशय एकदम उठतो. पहिली प्रतिक्रिया म्हणून दुर्बीण थव्यावर जाते. ती थव्याच्या थोडी मागे न्या. बहुतेक वेळा तिथे दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी असतो: पंख उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, गवताच्या शेंड्यांना लागून तरंगत येणारा. त्याचं काम घाबरवून उठवणं आणि जो मागे राहतो, जो लंगडतो, त्याला हेरणं. वारकरी अशा वेळी उडत नाहीत, एकमेकांना चिकटून एक काळा गठ्ठा करतात. गठ्ठा घट्ट झाला की शिकारी जवळ आहे असं समजायचं, तो अजून दिसला नसला तरी.

थवे मोजायचे तर एक एक मोजू नका. आधी दहा पक्षी मोजा आणि ते थव्याचा किती भाग व्यापतात हे डोळ्यांत बसवा. तेवढ्या आकाराचे तुकडे पूर्ण थव्यावर किती बसतात ते बघा. मोठ्या थव्याला शंभरचा तुकडा धरा. तीनदा मोजून मधला आकडा लिहा. नवखी माणसं नेहमी कमी मोजतात, कारण मागच्या ओळी पुढच्यांच्या आड जातात. वहीत जागेचं नाव, वेळ, पाण्याची स्थिती आणि आकडा लिहा. घरी येऊन ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी चढवली तर ती पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडते. ओळख पटली नसेल तर 'बदक, जात अनिश्चित' लिहावं. अंदाजाने भरलेलं नाव यादी बिघडवतं.

छायाचित्रं

चारशे मिलिमीटरच्या खालच्या लेन्सने इथे फारसं हाती लागत नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर. बगळा किंवा चमच्या गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा अंधाराला भुलून जास्त प्रकाश घेतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणून एक्सपोजर दोन-तृतीयांश पायरीने (स्टॉपने) कमी करा. उजळ आकाशावर घार किंवा भोवत्या असेल तर उलट, एक पायरी वाढवा. मनोऱ्याच्या कठड्यावर तांदळाची किंवा राजम्याची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की तिपाईपेक्षा झटपट काम होतं. ड्रोन अभयारण्यात चालत नाही, आणि एका ड्रोनने अख्खा थवा उठतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणंही करू नये. विणीच्या काळात तो खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात घरटं सोडून राहतो.

किती जवळ जायचं

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ इथे पूर्ण लागू आहे, त्यामुळे आखलेल्या वाटांपलीकडे पाण्यात किंवा बेटांकडे जाणं नियमाबाहेरचं आहे. पण नियमापेक्षाही पक्षीच सांगतात कुठे थांबायचं. आधी चरणं थांबतं. मग माना ताठ होतात आणि सगळी डोकी एका दिशेला वळतात. मग ते चालत किंवा पोहत सरकू लागतात. शेवटी उडतात. चरणं थांबलं की तुम्ही थांबा, माना ताठ झाल्या की दोन पावलं मागे या. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाने इथे खाऊन चरबी साठवायची असते, त्यावरच त्याचा परतीचा प्रवास अवलंबून असतो. दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा तेवढं खाऊच शकत नाही. खाणं टाकू नका, त्याने कावळे आणि भटकी कुत्री काठावर येतात आणि जमिनीवरची घरटी तेच संपवतात.

बिबट्याचं बोलायला हवं. रामसरच्या नोंदीत इथल्या वन्यजीवांत बिबट्या आहे आणि निफाडच्या ऊसपट्ट्यात तो नेहमी दिसतो. उसाच्या कडेने अंधारात एकट्याने चालू नका, लहान मुलांना हात सोडून पुढे पळू देऊ नका, संध्याकाळी गाडीपर्यंत बोलत आणि विजेरी लावून जा. पक्ष्यांसाठी पाळलेली शांतता सूर्य मावळल्यावर सोडून द्यायची.

मुलं बरोबर असतील तर दोन तासांच्या वर थांबवू नका आणि जातींची नावं पाठ करायला लावू नका. चोचींचे आकार शोधायला सांगा: चमचा, फावडं, सुरी, वाकडी सुई. मोर शराटी, चमच्या, थापट्या, राखी बगळा हे चौघे इथे एकाच नजरेत सापडू शकतात आणि कोण काय खातं हे मूल स्वतःच ओळखतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायचं वचन देऊ नका. ते इथे अधूनमधून येतात, त्यांच्यासाठी ठाण्याची खाडी आहे.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पिशवीत घालून घरी तर अजिबात आणू नका. पतंगाच्या मांज्यात अडकलेला पक्षी ओढून सोडवताना पंखाचे स्नायू फाटतात. एकाहून जास्त पाणपक्षी एकाच जागी मेलेले असतील तर बर्ड फ्लू किंवा विषबाधेची शक्यता असते, तेव्हा लांबूनच फोटो काढा, जागा नकाशावर खूण करून ठेवा आणि जवळच्या वनरक्षकाला सांगा. कोणी भेटलं नाही तर वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे. फोनवर गावाचं नाव, कुठला मनोरा, त्याच्या कुठल्या बाजूला किती अंतरावर, पक्षी कुठला आणि किती, एवढं क्रमाने सांगितलं की पथकाला शोधत फिरावं लागत नाही. ते येईपर्यंत लांब उभं राहून कुत्री आणि बघ्यांना दूर ठेवणं, तेवढंच तुमचं काम.